स्फटिक घेताय? आधी त्याचं गाव विचारा

“मॅडम, एकदम प्योर है. हिमालय का है. घर में रखिए, सारी टेन्शन खतम.”

मागच्या हिवाळ्यात नोएडातल्या एका प्रदर्शनात हे वाक्य ऐकलं आणि मी विरघळले. समोर गडद जांभळ्या स्फटिकांचा एक गुच्छ होता, दिव्याखाली लखलखणारा. आईचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला होता. घासाघीस करून दीड हजारात तो घेतला, स्वेटरमध्ये गुंडाळला आणि जळगावला घेऊन गेले. आई खूश झाली. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला.

“अगं, तुझ्या दगडाचा रंग जातोय. ओल्या फडक्यानं पुसला तर फडकं जांभळं झालं. कच्च्या रंगाच्या साडीसारखा निघाला बघ.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईचं पुढचं वाक्य जास्त लागलं. “आणि असले दगड तर आपली विहीर खणताना निघाले होते. आजोबांनी ते बांधाला लावले. तू दिल्लीहून विकत आणलास!”

तुम्हीही हल्ली कुठल्या तरी मॉलमध्ये, हस्तकला मेळ्यात किंवा मोबाइलवर रील बघता बघता असा एखादा ‘क्रिस्टल क्लस्टर’ पाहिला असेल. कदाचित कार्टमध्ये टाकूनही ठेवला असेल. पैसे भरण्याआधी पाच मिनिटं थांबा. मी दीड हजार रुपये देऊन जे शिकले, ते तुम्हाला इथे फुकट मिळेल.

क्लस्टर म्हणजे नेमकं काय?

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. नाव परकं वाटलं तरी वस्तू तुमच्या ओळखीची आहे. नदीकाठची वाळू मुख्यतः त्याचीच असते. आपण लहानपणी वेचलेली पांढरी गारगोटी तीच. जपाची स्फटिकमाळही खरी असेल तर त्याचीच. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावर ‘क्वार्ट्झ’ लिहिलेलं असतं तेही याच खनिजामुळे. क्वार्ट्झला वीज दिली की तो ठरावीक वेगानं थरथरतो. घड्याळातला इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या मोजणीवर सेकंदकाटा पुढे सरकतो.

आता हेच खनिज खडकातल्या एखाद्या पोकळीत सावकाश वाढलं तर? खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळीत झिरपतं. तापमान उतरलं की पाण्यातला सिलिका पोकळीच्या भिंतीवर बसू लागतो. एकाच वेळी अनेक ठिकाणी बीजं धरतात. प्रत्येक बीजातून सहा बाजूंचा एक खांब मोकळ्या जागेकडे वाढतो आणि टोकाला निमुळता होतो. शेजारी शेजारी उगवलेल्या अशा टोकदार खांबांचा घोस म्हणजे क्लस्टर. तळाशी जो मूळ खडक राहतो त्याला संग्राहक ‘मॅट्रिक्स’ म्हणतात.

यातली मोठी गंमत कोनाची आहे. निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकानं १६६९ मध्ये एक गोष्ट मांडली. क्वार्ट्झचा स्फटिक लहान असो, मोठा असो वा एका अंगानं फुगलेला असो, त्याच्या ठरावीक बाजूंमधला कोन बदलत नाही. खांबाच्या शेजारच्या दोन बाजूंमध्ये १२० अंशच भरतात. तुमच्या मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन हे घरीच तपासता येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा शोध जेवणाच्या टेबलावर!

आपल्या काळ्या दगडाच्या पोटात

मी दिल्लीत ‘हिमालय का’ म्हणून जे शोधत होते, त्याची एक जगप्रसिद्ध खाण म्हणजे माझंच गाव आणि आजूबाजूचा मुलूख, हे मला आईच्या फोननंतर कळलं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो काळा बेसाल्ट आहे. सह्याद्रीचे कडे त्याचे, अजिंठा-वेरूळची लेणीही त्यातच कोरलेली. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले. भाकरी फुगावी आणि आत पोकळी राहावी तसं. पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाणी खेळलं आणि स्फटिक वाढले. क्वार्ट्झ, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, कॅल्साइट, आणि झिओलाइट गटातली स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट अशी नाजूक खनिजं. सोबत हिरवट किंवा पाण्यासारखा नितळ अ‍ॅपोफिलाइट.

बाहेरून दगड काळा, ओबडधोबड. आत मात्र दागिन्यांचा डबा.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाट फोडला गेला तेव्हा असे स्फटिक उजेडात आले आणि युरोपातल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचले. आज जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या दगडखाणींतून, विहिरींतून ते निघतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडणारा गडद निळा कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना वेड लावतो. त्याच्या नावातच त्याची पाककृती आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका या तिघांची पहिली अक्षरं जोडून ते नाव बनलं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टूसान शहरात १९५५ पासून दर वर्षी खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथल्या टेबलांवर ‘जळगाव, महाराष्ट्र, इंडिया’ अशी चिठ्ठी लावलेले नमुने मांडलेले असतात. आणि आमच्या शेतात त्यांच्यावर शेळ्या चढतात!

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे. नौदलातून निवृत्त झालेले के. सी. पांडे यांनी ते उभं केलं. शिर्डीला जाताना सहज थांबता येतं. मुलांना घेऊन जा. मोबाइलवरचा कुठलाही फोटो त्या दालनांची बरोबरी करू शकत नाही.

दिल्लीकरांनो, तुमच्या पायाखालीही तोच

दिल्लीत राहणाऱ्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे काय? तर अरवलीची शेपटी म्हणजे दिल्लीचा ‘रिज’, तोच मुळी क्वार्ट्झाइटचा. प्राचीन वाळू दाब आणि उष्णता सोसून घट्ट झाली की क्वार्ट्झाइट बनतो. तुघलकाबादच्या किल्ल्याच्या अवाढव्य भिंती याच स्थानिक दगडाच्या आहेत. पुढच्या वेळी तिथे गेलात तर उन्हात दगड जवळून बघा, साखरेसारखे कण चमकताना दिसतील. फक्त तुकडा उचलून आणू नका. किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि रिज राखीव जंगल.

जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा संस्कृतीचे मणी आहेत. तांबूस कार्नेलियन, पट्टेदार अकीक. ही दोन्ही क्वार्ट्झचीच सूक्ष्मकणी भावंडं. म्हणजे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाईलाही हा दगड गळ्यात घालावासा वाटला होता. उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा इथे १८९८ मध्ये उत्खननात सापडलेली स्फटिकाची करंडी तर बघत राहावी अशी आहे. तिच्या झाकणाची मूठ माशाच्या आकाराची. ती आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे.

खरा की खोटा? हे तपासा

आता कामाचं. विकणारा गोड बोलतो, तुम्ही डोळे उघडे ठेवा.

रंग भेगांत साचलाय का? खऱ्या अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग लोहाचा अंश आणि खडकातला नैसर्गिक किरणोत्सार यांमुळे स्फटिकाच्या आतच तयार होतो. बहुधा टोकाकडे तो गडद आणि बुडाकडे फिका असतो. रंगवलेल्या दगडात मात्र रंग चिरांमध्ये आणि खाचांमध्ये गोळा होतो. कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून मागच्या बाजूला हलकेच पुसा. कापूस रंगला तर उत्तर मिळालं. माझ्या दगडाला तर साधं पाणीही पुरलं.

भडक गुलाबी, मोरपंखी, इंद्रधनुषी? भडक गुलाबी किंवा निळ्या रंगाचे अकीक बहुतेक वेळा रंगवलेले असतात. साबणाच्या फुग्यासारखी इंद्रधनुषी झाक असलेला ‘ऑरा क्वार्ट्झ’ म्हणजे खऱ्या क्वार्ट्झवर धातूचा पातळ थर चढवलेला. आवडला तर जरूर घ्या, पण नैसर्गिक रंगाची किंमत मोजू नका. बाजारातला बराचसा पिवळा ‘सिट्रिन’ही तापवलेला अ‍ॅमेथिस्ट असतो. त्याचं पांढरं बूड आणि जळक्या केशरी रंगाची टोकं बघितली की ओळखू येतो.

आत गोल बुडबुडे आहेत का? मोबाइलचा टॉर्च लावून भिंगातून बघा. गोलगरगरीत बुडबुडे काचेत असतात. खऱ्या क्वार्ट्झमध्ये धुक्यासारखे पडदे, बारीक भेगा, कधी दुसऱ्या खनिजाच्या सुया दिसतात. अगदी निर्दोष, स्वस्त आणि भलामोठा ‘स्फटिक’ दिसला तर सावध व्हा.

हाताला गार लागतो का? क्वार्ट्झ काचेपेक्षा उष्णता लवकर ओढून घेतो, म्हणून गालाला लावला तर जास्त गार वाटतो. पण दिल्लीच्या जानेवारीत सगळंच गार लागतं, तेव्हा या एका परीक्षेवर विसंबू नका.

बाजू किती? क्वार्ट्झचा खांब सहा बाजूंचा आणि त्याच्या अंगावर बारीक आडव्या रेघा. अ‍ॅपोफिलाइटचं अंग चौकोनी. दोन्ही सुंदरच, पण अ‍ॅपोफिलाइट मऊ आणि ठिसूळ. काय घेतोय ते माहीत हवं. गुळगुळीत पॉलिश केलेले ‘टॉवर’ हे यंत्रावर घासून आकार दिलेले असतात, ते नैसर्गिक टोक नव्हे.

गोंद लावलाय का? तुटलेली टोकं दुसऱ्याच दगडावर चिकटवून ‘क्लस्टर’ बनवतात. बुडाशी चकाकणारी रेघ, पारदर्शक थेंब किंवा वाळूचा भुगा पेरलेला दिसतो का पाहा. नोटा तपासायचा निळा टॉर्च असेल तर अंधारात मारा, बरेचसे गोंद त्यात चमकतात.

काचेवर ओरखडा काढून दाखवतो असं विक्रेता म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर आणि साधी काच साडेपाचच्या आसपास, त्यामुळे ओरखडा उठेल हे खरं. पण काचेला ओरखडणारे दगड इतरही आहेत, आणि त्या नादात तुमच्या स्फटिकाचं टोक जायचं.

गाव का विचारायचं?

मी प्रदर्शनात किंमत विचारली, रंग बघितला, आकार बघितला. एक प्रश्न विचारलाच नाही. हा कुठून निघाला?

गंभीर संग्राहकांसाठी दगडाइतकीच त्याची चिठ्ठी मोलाची असते. खनिजाचं नाव, खाण किंवा गाव, जिल्हा, देश, शक्य असेल तर निघाल्याचं वर्ष. चिठ्ठी हरवली की उत्तम नमुन्याचीही किंमत घसरते, कारण तो कुठल्या खडकात, कशाच्या शेजारी वाढला हे ज्ञान कायमचं जातं. दगडाला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं ती चिठ्ठीच बोलते.

हिमाचलात कुल्लूकडे सुंदर क्वार्ट्झ निघतो. ब्राझील आणि उरुग्वेत दख्खनसारख्याच जुन्या लाव्हाच्या थरांत अ‍ॅमेथिस्टच्या मोठमोठ्या पोकळ्या सापडतात. अमेरिकेतल्या आर्कान्सासचे पाण्यासारखे क्लस्टर नावाजलेले आहेत. प्रत्येक जागेची ढब वेगळी. म्हणून ‘हिमालय का’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठला जिल्हा, कुठलं खोरं, विचारा. प्रामाणिक विक्रेता एक तर सांगतो, नाही तर “माहीत नाही” म्हणतो. दोन्ही उत्तरं चालतील. उडवाउडवी मात्र चालणार नाही.

सुरुवात करताना मोठ्या नगाच्या मागे लागू नका. काही शे रुपयांतही लहानसा, पण अखंड टोकांचा क्लस्टर मिळतो. टोकं फुटलेली नाहीत ना हे आधी बघा, मग आकार. आणि बिलावर ‘नैसर्गिक, न रंगवलेला’ असं लिहून मागा. या एका मागणीनं बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथे स्पष्ट होतात.

टेन्शन खरंच जातं का?

मलाही तेच सांगून दगड विकला होता, म्हणून हे टाळता येत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग मांडला होता. काही जणांच्या हातात खरे क्वार्ट्झ दिले, काहींच्या हातात नकली. कोणाकडे काय आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. ऊब, मुंग्या, शांतता अशा ‘ऊर्जे’च्या जाणिवा दोन्ही गटांनी सारख्याच सांगितल्या. म्हणजे जाणीव खरी, पण ती दगडातून येत नव्हती.

सुंदर वस्तूकडे बघून मन निवतं, यात खोटं काही नाही. देवघरात स्फटिक ठेवण्याची श्रद्धा ज्याची त्याची. पण बीपीची गोळी बंद करून कोणी उशाशी क्लस्टर ठेवायला सांगत असेल, किंवा दगड घालून ‘भारित’ केलेलं पाणी प्यायला सांगत असेल, तर तिथून उठा. काही खनिजांतून नको ते घटक पाण्यात उतरू शकतात, आणि रंगवलेल्या दगडाचा रंग तर मी फडक्यावर पाहिलाय. तो पोटात कशाला?

चकाकीमागचे हात

आणखी एक गोष्ट, जी किमतीच्या चिठ्ठीवर नसते. क्वार्ट्झ आणि अकीक घासताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. गुजरातमधल्या खंभातचा अकीक उद्योग शतकानुशतकं प्रसिद्ध आहे आणि तिथल्या घासकाम करणाऱ्या कारागिरांमधला हा आजारही तितकाच जुना आणि नोंदलेला आहे. नैसर्गिक क्लस्टरला घासण्या-पॉलिशची गरज नसते. म्हणून निवड करायची असेल तर गुळगुळीत गोळ्यापेक्षा जसा निघाला तसा क्लस्टर मला बरा वाटतो. खाणीतही धूळ असतेच, तेव्हा हात झटकून मोकळं होता येत नाही. पण विचारायला तर हवं. घरी मुलांना दगड कापू, घासू किंवा कुटू देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

घरी आणल्यावर

कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश एवढं पुरतं. धुतल्यावर सावलीत नीट वाळवा. उकळतं पाणी नको, अचानक तापमान बदललं तर स्फटिक तडकू शकतो. मिठाचं पाणी नको, मीठ खाचांत बसतं. बाथरूमचं अ‍ॅसिड तर मुळीच नको, बुडाशी कॅल्साइट किंवा झिओलाइट असेल तर तो खराब होईल.

अ‍ॅमेथिस्ट खिडकीत उन्हात ठेवू नका, वर्षानुवर्षांच्या उन्हानं तो फिका पडतो. स्फटिकाचा गोल असेल तर तोही उन्हापासून दूर ठेवा. तो भिंगासारखं काम करतो, पडदा पेटू शकतो.

मुलांसाठी दोन प्रयोग. पहिला, दोन पांढऱ्या गारगोट्या घ्या. रात्री दिवे घालवा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि मोठ्यांपैकी कोणीतरी त्या एकमेकींवर जोरात घासा. आतून केशरी उजेड लुकलुकतो आणि जळकट वास येतो. खेड्यातल्या प्रत्येक आजी-आजोबांनी हे केलेलं असतं, विचारून बघा. दुसरा, गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवा, भांडं थंड होऊ द्या आणि त्यात दोरा सोडून दोन-चार दिवस हलवू नका. दोऱ्यावर स्फटिकांचा घोस धरेल. विहिरीत जे व्हायला फार मोठा काळ लागला, त्याची झलक स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसेल.

बांधावरचा दगड

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा आई मला थेट शेतात घेऊन गेली. बांधावरचे दगड शेवाळलेले होते. तिसऱ्याच दगडाखाली हात घातला आणि बोटांना टोकं टोचली. काळ्या दगडाच्या वाटीत पांढऱ्या स्फटिकांचा घोस, अर्धी टोकं तुटलेली, खाचांत माती, एका कोपऱ्यात मुंग्यांचं घर. मुंग्या गेल्यावर धुतला. बाजारात त्याला कोणी शंभर रुपयेही दिले नसते.

आईनं वहीचं पान फाडलं आणि तिच्या गोल अक्षरात लिहिलं. ‘गारगोटी. आपल्या विहिरीतली. आप्पांनी खणली तेव्हाची.’ वर्ष आठवेना, तेव्हा शेजारच्या काकांना हाक मारून विचारलं. त्यांना विहिरीचं पाणी लागलं तो दिवस आठवत होता, कारण त्याच दिवशी त्यांची म्हैस व्याली होती. वर्षावर बराच वाद झाला आणि शेवटी १९८४ वर एकमत झालं.

आता तो दगड माझ्या नोएडाच्या खोलीत टेबलावर आहे, चिठ्ठीसकट. रंगवलेला जांभळाही शेजारी ठेवलाय. येणाऱ्या मैत्रिणींना मी दोन्ही दाखवते आणि ओल्या फडक्याची गोष्ट सांगते.

तुमच्याही गावाकडच्या बांधावर, तुळशी वृंदावनाच्या पायाशी, माजघराच्या कोनाड्यात असा एखादा दगड पडून असेल. या सुट्टीत तो शोधा, धुवा. आणि तो कुठून आला हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून चिठ्ठी लिहून ठेवा.